तमाशाचा सातबारा

चैत्रात एक आठवडा असा येतो की मुंबईतल्या भल्याभल्या साहेबांच्या जेवणाची आबाळ होते. रूळ पाण्याखाली गेले, लोकल रखडली, तरी दुपारी वेळेवर टेबलाशी डबा आणून ठेवणारा डबेवाला त्या आठवड्यात गावाकडे निघून गेलेला असतो. रजेचा अर्ज नाही, आजीला पुन्हा एकदा मारणं नाही. "गावची यात्रा हाय, साहेब," एवढं सांगून तो चार-सहा दिवस दिसेनासा होतो. साहेबाला वाटतं, भाविक माणूस आहे, देवदर्शनाला गेला. तेही खरंच. पण देवदर्शन सकाळी अर्ध्या तासात उरकतं. उरलेल्या वेळात मांडवडहाळे, शेरणी, बैलगाडे, कुस्त्या, पाव्हण्यारावळ्यांच्या पंगती आणि रात्री तमाशा. मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव आणि जुन्नर हे डबेवाल्यांचे मूळ तालुके. तेव्हा नरिमन पॉइंटचा साहेब तो आठवडा वडापाववर काढतो, तो आमच्या लोककलेला हातभार लावण्यासाठी. त्याला कोणी हे सांगितलेलं नसतं, आणि देणगीदारांच्या यादीत त्याचं नावही येत नाही.

शहरात कलेची संस्था चालवणाऱ्यांची दोन जुनी दुखणी असतात: पुरेशी जागा नाही आणि पैशाची शाश्वती नाही. या दुखण्यांवर परिसंवाद भरतात. परिसंवादाला वातानुकूलित सभागृह मिळतं आणि चहा-बिस्किटांना पैसेही मिळतात, त्यामुळे दुखणं बरं होण्याची कोणालाच घाई नसते. आमच्या जुन्नर-आंबेगावात हीच दुखणी आहेत, फक्त परिसंवाद नाहीत. इथं कलेची संस्था म्हणजे यात्रा कमिटी. तिला कार्यालय नसतं, ती मारुतीच्या पारावर भरते. घटना नसते, ठराव नसतात, इतिवृत्त म्हाताऱ्यांच्या तोंडी असतं. दफ्तर म्हणजे वर्गणीचं एक पावतीपुस्तक, आणि तेही मागल्या वर्षीचं, वरचं साल पेनानं खोडलेलं. पदाधिकाऱ्यांचे दोन प्रकार. एक, ज्यांचे फोटो फ्लेक्सवर असतात. दोन, जे खांब रोवतात. दोन्हीकडं असणारा माणूस अजून पाहण्यात आलेला नाही.

तरीही ही कमिटी दरवर्षी काही लाखांचा कार्यक्रम उभा करते. महाराष्ट्रातल्या कुठल्याही अनुदानित संस्थेनं तिच्याकडून शिकावं, फक्त हिशेब तेवढा मागू नये.

पैसा वर्गणीतून येतो, आणि वर्गणी बाजारभावावर. आंबेगावात कांद्यावर, जुन्नरात टोमॅटोवर. २०२३च्या जुलैत नारायणगावच्या बाजारात वीस किलोच्या टोमॅटोच्या क्रेटला दोन हजारांच्या वर भाव गेला होता. काही शेतकरी कोटीची भाषा बोलायला लागले. कमिटीची माणसं तेव्हा रस्त्यात भेटली की पुढच्या चैत्राचे बेत सांगायची, दोन तमाशे, एक ऑर्केस्ट्रा, फटाक्यांची आतषबाजी. पण टोमॅटोचा स्वभाव सर्वांना माहीत आहे. ज्या हंगामात त्याला भाव असतो त्या हंगामात तो आपल्या शेतात नसतो, आणि आपल्या शेतात असतो तेव्हा तोडणीची मजुरीसुद्धा निघत नाही म्हणून रस्त्यावर ओतावा लागतो. अशा वर्षी घरटी हजार ठरलेल्या वर्गणीचे पाचशे होतात, पाचशेंचे "बघू", आणि "बघू"चं पुढं काहीच होत नाही. शासनाच्या सांस्कृतिक धोरणाचा मसुदा वाचण्यापेक्षा मंचर बाजार समितीचा कांद्याचा भाव पाहिला तर यंदा गावात वग होणार की नुसतंच भजन, हे जास्त अचूक कळतं.

दुसरा आधार मुंबईकर मंडळाचा. गावचा प्रत्येक मुंबईकर वर्षभर दहा बाय बाराच्या खोलीत काटकसर करतो आणि यात्रेला पाच हजार देतो. त्या बदल्यात त्याला दोन हक्क मिळतात. स्पीकरवर नाव पुकारलं जाणं, आणि "आमच्या वेळचा तमाशा आता राहिला नाही" असं म्हणणं. दुसरा हक्क तो पुढच्या रांगेत बसून बजावतो.

पैसे जमले, किंवा जमतील अशी आशा जमली, की कमिटीतले चार-पाच कारभारी जीप काढून नारायणगावला निघतात. गुढीपाडव्याच्या आगेमागे तिथं राहुट्या पडतात. पुणे-नाशिक रस्त्यालगत, मिळेल त्या मोकळ्या जागेत तंबूंची एक वसाहत उभी राहते. प्रत्येक तंबूवर फडाचं नाव, कलावंतांचे फोटो, आत एक टेबल, एक गादी, एक कॅलेंडर आणि एक वही. महाराष्ट्रभरचे फड आपली कचेरी इथं आणतात, म्हणून नारायणगावला तमाशापंढरी म्हणतात. खऱ्या पंढरीत विठोबा विटेवर का होईना, पण कायमचा उभा आहे. या पंढरीतल्या देवांना दरवर्षी जागेचं भाडं ठरवून उभं राहावं लागतं आणि हंगाम सरला की खुंट्या उपटाव्या लागतात. फडांची नावंच पाहा: नारायणगावकर, शिरोलीकर, सांगवीकर, करवडीकर, ढवळपुरीकर, कवलापूरकर. ज्यांच्या नशिबी पत्ता नाही त्यांनी गाव आडनावात घालूनच सोबत नेलेलं बरं.

राहुटीतला सौदा हा स्वतंत्र वगच असतो. फक्त त्याला तिकीट नाही.

"राम राम! या आण्णा, बसा. कुठलं गाव?"

"गाव सांगतो. आधी अष्टमी मोकळी हाय का ते सांगा."

"अष्टमी? अष्टमी तर केव्हाच गेली. पौर्णिमाबी गेली. दशमी घ्या, स्वस्तात पडंल."

"देवाची तिथी अष्टमीची. दशमीला कशी करायची?"

"देवाला इचारून बघा, आण्णा. त्याला एकट्याला अष्टमीला निजायचं आसंल, अन् दशमीला तमाशा बघायचा आसंल."

देवाचं ठरेपर्यंत चहा येतो. चहानंतर आकडे. चैत्री पौर्णिमेच्या आणि वद्य अष्टमीच्या आसपास निम्म्या गावांच्या यात्रा, त्यामुळं त्या तिथींचा भाव चढा. दीड-दोन लाखांपासून बोली सुरू होते आणि फडाच्या नावाप्रमाणं वर चढते. कारभारी विचारतात: बाया किती, लाइटी किती, ट्रक किती. एखादा ऐंशीच्या घरातला म्हातारा कोपऱ्यातून विचारतो, "वग कोणचा?" सगळे त्याच्याकडं असे पाहतात की जणू त्यानं लग्नाच्या बैठकीत मुलीचं शिक्षण विचारलं. शेवटी दोन्ही बाजू "तुमचं बी राहू द्या, आमचं बी राहू द्या" इथं येतात, सुपारी फुटते, विसार दिला जातो. विसार म्हणजे ठरलेल्या रकमेतला तो भाग, जो खात्रीनं मिळतो. बाकीचा यात्रेच्या रात्री, वर्गणीची शेवटची पावती फाटल्यावर.

आता टेबलाच्या पलीकडच्या बाजूला जाऊ. मोठ्या फडात शंभराच्या आसपास माणसं असतात. नाचणाऱ्या, गाणारे, ढोलकीवाला, हलगीवाला, सोंगाड्या, मावशी, झीलकरी, लाइटवाले, ड्रायव्हर, आचारी, आणि कनात ठोकणारे बिगारी. ट्रक आणि जनरेटर वेगळेच. दसऱ्याला नारळ फुटतो आणि फड बाहेर पडतो. दिवाळीपासून माघ-फाल्गुनापर्यंत तालुक्या-तालुक्याला तंबू ठोकून तिकिटावर खेळ, मग चैत्र-वैशाखात सुपाऱ्या. पण त्याआधी पावसाळ्यात कलावंतांना उचल द्यावी लागते, नाहीतर चांगली नाचणारी दुसऱ्या फडात जाते आणि चांगला ढोलकीवाला तिच्या मागं. पावसाळ्यात मालकाकडं दमडी नसते. बँकेला तारण लागतं, आणि लावणीचं मूल्यांकन करणारा अधिकारी बँकेनं अजून नेमलेला नाही. मग सावकार. त्याचं चैत्रात फेडायचं, ज्येष्ठ-आषाढात पुन्हा घ्यायचं. तेव्हा तमाशाला स्थिर निधी नाही असं जे म्हणतात त्यात अर्धच तथ्य आहे. कर्ज अगदी स्थिर आहे. पिढ्या बदलतात, फडाच्या पाटीवरचे फोटो बदलतात, कर्ज हलत नाही.

त्यातून संकटंसुद्धा मुहूर्त साधून येतात. नोटाबंदी आली ती ८ नोव्हेंबर २०१६ला, फड नुकते बाहेर पडून तिकीटबारी उघडून बसले होते तेव्हा. पाचशेची नोट घेऊन आलेल्या रसिकाला आत घ्यावं की बाहेर ठेवावं, हा प्रश्न कुठल्याच वगात नव्हता. आणि २०२०चा गुढीपाडवा होता २५ मार्चला. देशभर टाळेबंदी सुरू झाली तीही २५ मार्चला. सुपाऱ्यांचा धंदा ज्या दिवशी सुरू व्हायचा नेमका तोच दिवस. पुढचं वर्षही तसंच गेलं. त्या काळात ढोलकीवाले मोलमजुरीला गेले, नाचणाऱ्या कुणी भाजी विकायला बसल्या. यावर विनोद सुचत नाही, तेव्हा पुढं जाऊ.

जागेचं पाहा. पूर्वी चैत्र म्हणजे मोकळं रान. गहू-हरभरा निघालेला, ज्वारी खळ्यावर, नजर जाईल तिथपर्यंत ढेकळं. कुठंही मंडप घाला, हजार माणूस बसतं. मग कुकडी प्रकल्प आला: येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे अशी पाच धरणं. पाणी खेळलं, ऊस आला, टोमॅटो आला, द्राक्षं आली, ठिबक आलं. आता चैत्रात रान मोकळं सापडत नाही. ज्याचं सापडतं तो म्हणतो, "तमाशा करा, पण माझ्या ठिबकच्या नळ्या तुडवायच्या नाहीत." दोन हजार प्रेक्षकांना नळ्यांच्या मधून बसवायचं म्हणजे रोपं लावल्यासारखं दीड-दीड फुटावर बसवावं लागेल. देवळापुढं पटांगण असायचं, तिथं आता समाजमंदिर झालंय. समाजमंदिरात तमाशा करावा तर ते फक्त लग्नाला आणि मतदानाला उघडतं. आंबेगाव तालुक्याकडून तर फार अपेक्षा करूच नये. त्याचं मूळ आंबेगाव गावच डिंभे धरणाच्या पाण्यात गेलं, आणि कचेऱ्या घोडेगावात. ज्या तालुक्याला स्वतःच्या नावाचं गाव राखता आलं नाही, त्यानं तमाशाला जागा राखावी म्हणणं जरा कठोर होईल.

पण जागा मिळतच नाही असंही नाही. कोणाला मिळते, ते पाहण्यासारखं आहे. आमच्याकडं गावोगाव बैलगाड्यांचा घाट आहे. चढाचा, दाबलेला, दोन्ही बाजूंना कठडे, वर निशाण, माणसांना बसायला कडा. घाट यात्रेच्या दोन दिवसांपुरता वापरात असतो, एरवी तिथं शेळ्या फिरतात, पण त्या जागेत कोणी टोमॅटो लावत नाही की समाजमंदिर बांधत नाही. बारी सुटते, निवेदक माइकवर "झाली, झाली, झाली..." ओरडतो, आणि बारा-तेरा सेकंदांत सगळं संपतं. त्या बारा सेकंदांसाठी कायमची जागा. रात्रभर चालणाऱ्या तमाशासाठी, "बघू, कोणाचं रान मोकळं होतंय ते." बक्षिसांचंही तसंच. फळीफोड गाड्याला मोटारसायकल मिळते, मोठ्या घाटात ट्रॅक्टर आणि जेसीबीसुद्धा लागतात. एवढ्या वर्षांत एखाद्या सोंगाड्याला कोणी जेसीबी दिल्याचं ऐकलेलं नाही. गाव हसवल्याबद्दल त्याला मिळतात शंभर रुपये, आणि तेही कोणी दिले हे त्यानंच माइकवर सांगायचं असतं.

बैलांचं कौतुक आहेच. नागापूरच्या थापलिंग खंडोबाला पौष पौर्णिमेला बैलगाडे धावतात ते पाहायला मीही जातो. पण बैलांचा खटला किती नेटानं लढला गेला पाहा. २०१४च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं शर्यती बंद केल्या. २०१७ला महाराष्ट्रानं कायदा दुरुस्त केला, डिसेंबर २०२१मध्ये शर्यतींना परवानगी मिळाली, आणि मे २०२३मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं शिक्कामोर्तब केलं. मोर्चे निघाले, आंदोलनं झाली, सगळ्या पक्षांचे पुढारी एका गाडीत बसले. निकालाच्या दिवशी भंडारा उधळला. शर्यत ही शेतकऱ्याची संस्कृती आहे हे देशाच्या सर्वोच्च पातळीवर मान्य झालं. तमाशाचा खटला अजून पोलीस पाटलाच्या पुढं गेलेला नाही.

तो खटला आहे घड्याळाचा. ध्वनिप्रदूषणाचे नियम आले २००० साली. त्यानुसार रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद. वर्षातले फार तर पंधरा दिवस बारापर्यंत सवलत देता येते, आणि त्यातले बरेचसे गणपती-नवरात्रातच खर्च होतात. नियम योग्य आहे. डीजेच्या भिंतीशेजारी ज्याचं घर आहे त्याला विचारा. पण यात्रेच्या दिवसाचं वेळापत्रक या नियमाला माहीत नाही. बैलगाडे दिवेलागणीपर्यंत चालतात. मग पालखी. मग पंगती. पाव्हण्यांना आग्रह करून करून वाढायचं, ते "बस बस" म्हणणार, आपण ओतणार. शेवटचा पाव्हणा हात धुऊन मंडपात पोचतो तेव्हा साडेनऊ झालेले असतात. गण होतो. गवळण सुरू होते, पेंद्या मावशीला काहीतरी बोलतो, पहिला हशा पिकतो, आणि कमिटीचा माणूस स्टेजवर येऊन ढोलकीवाल्याच्या कानाला लागतो. फौजदारसाहेब आलेत.

त्यामुळं आमच्याकडच्या नव्या पिढीला वगाचा शेवट माहीत नाही. कारस्थानी प्रधान राजाच्या मुलाला जंगलात सोडतो, इथपर्यंत एखाद्या वर्षी मजल जाते. पुढं त्या मुलाचं काय झालं, प्रधानाला शिक्षा झाली का, हे गावाला कळत नाही. पंचवीस वर्षांत किती प्रधान निर्दोष सुटले असतील! वगाची संहिता मात्र आधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून तपासून घ्यावी लागते. म्हणजे सबंध महाराष्ट्रात वग शेवटपर्यंत वाचणारी माणसं तेवढी सरकारी मंडळात आहेत.

पूर्वी तमाशा पहाटेपर्यंत चालायचा त्यामागं कलेइतकंच एक व्यवहारी कारण होतं. शेजारच्या पाच गावांतून पायी आलेला माणूस अंधारात परत कुठं जाणार? त्यापेक्षा बसलेला बरा. आता गाड्या आल्या, पण उसाबरोबर बिबट्याही आला. तो विषय चेष्टेचा नाही. घरटी लहान मुलं आहेत आणि संध्याकाळनंतर अंगणातसुद्धा जीव मुठीत असतो. अशा मुलखात उजेड, गर्दी आणि ढोलकी सोडून हजार-दोन हजार माणसांना रात्री दहाच्या ठोक्याला उसाच्या वाटेनं घरी पाठवायचं, याला नियमांच्या पुस्तकात काय म्हणतात ते मला माहीत नाही. पारावरच्या म्हाताऱ्यांना विचारलं तर ते एका शब्दात सांगतील, पण तो छापता येणार नाही.

आवाजाचाच विषय निघालाय तर खोडदला जायला हवं. नारायणगावपासून जवळच हे गाव, आणि तिथं जगातल्या मोठ्या रेडिओ दुर्बिणींपैकी एक आहे. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आकाशाकडं तोंड करून उभ्या असतात, आणि कोट्यवधी वर्षांपूर्वी कुठूनतरी निघालेले अगदी क्षीण संदेश टिपत बसतात. मोठं काम आहे, अभिमान वाटतो. त्यांना जागा मिळाली, निधी मिळाला, आसपासचा गोंगाट कमी राहावा म्हणून दक्षताही घेतली जाते. माझी कुरबुर एवढीच की त्याच नारायणगावात शंभर वर्षांची एक ढोलकी आहे, तीही क्षीण होत चाललीय, आणि तिच्याकडं तोंड करून एकही तबकडी उभी नाही.

अर्थात दहाच्या आत बरंच काही होऊ शकतं, जर सत्कार नसतील तर. पण सत्काराशिवाय यात्रा म्हणजे मिठाशिवाय बोकड. गवळण रंगात आली की निवेदक माइक ओढून घेतो. मा. आमदार, मा. माजी आमदार, मा. भावी आमदार, बाजार समितीचे संचालक, दूध संघाचे संचालक, पतसंस्थेचे चेअरमन, ज्यांच्या ट्रॅक्टरनं मंडपाचे खांब आणले ते, ज्यांनी ट्रॅक्टर देतो म्हणून दिला नाही पण नाराज होतील ते. प्रत्येकाला फेटा, शाल, नारळ. फेटे बांधणारा एकच, आणि डोकी चाळीस. मागं नाचणाऱ्या पोरी घुंगरू बांधून उभ्या. एकदा मी पाहिलं, चौतीस सत्कारांनंतर सोंगाड्या माइकवर आला आणि म्हणाला, "मंडळी, आता उरलेल्यांनी हात वर करा. तुमच्यात ज्यांचा सत्कार झाला नाही त्यांच्यासाठी आम्ही तमाशा करतो." गाव लोटपोट हसलं. हात वर करणारे फारसे निघाले नाहीत.

सरकारही सत्काराच्या बाबतीत मागं नाही. नारायणगावच्या विठाबाई भाऊ मांग यांचं नाव तर घेतलंच पाहिजे. वडील आणि चुलते यांच्या भाऊ-बापू या फडात त्या वाढल्या, पुढं स्वतःचा फड उभा केला आणि तमाशासम्राज्ञी झाल्या. जागेच्या तंगीची सगळ्यात मोठी गोष्ट त्यांचीच आहे. दिवस भरलेले असताना त्या बोर्डावर उभ्या होत्या, कळा आल्या तेव्हा कनातीमागं गेल्या, बाळंत झाल्या, दगडानं नाळ तोडली आणि परत नाचायला आल्या. ही हकिकत सांगताना लोक त्यांच्या जिद्दीचं कौतुक करतात. करायलाच हवं. पण कनातीमागं एक बरी खोली असती तर त्या जिद्दीची गरज पडली नसती, हे कोणी सांगत नाही. १९५७ आणि १९९०मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांचा गौरव झाला. १५ जानेवारी २००२ला त्या गेल्या. शेवटच्या आजारपणातलं दवाखान्याचं बिल देणगीदारांच्या पैशातून भागलं. आणि मग शासनानं त्यांच्या नावे तमाशातल्या जीवनगौरवाचा पुरस्कार सुरू केला. आमच्याकडं तमाशाला विसार आधी आणि बाकी नंतर मिळते. सरकारकडं विसार नसतोच, सगळी बाकीच, आणि तीही वारसाच्या किंवा नावाच्या खात्यावर.

म्हाताऱ्या कलावंतांना मानधन आहे, हे नाकारून चालणार नाही. १९५४-५५पासून ही योजना आहे. परवापरवापर्यंत तिच्यात कलावंतांची अ, ब, क अशी प्रतवारी होती, देशपातळीवरचा, राज्यपातळीवरचा आणि आपला गावातला. २०२४मध्ये प्रतवारी गेली आणि सरसकट महिना पाच हजार झाले, ही खरोखर चांगली गोष्ट. अडचण पुराव्याची. चाळीस वर्षं नाचलेल्या बाईनं आपण नाचत होतो हे कागदावर सिद्ध करायचं. कार्यक्रमाचे दाखले, फोटो, वर्तमानपत्रातली कात्रणं. ज्या गावांत ती नाचली तिथं तेव्हा वर्तमानपत्र येत नव्हतं, आणि आलंच तर त्यात तमाशाची बातमी एकाच प्रकारची असायची: मारामारीची. पुरावा म्हणून तिच्याकडं असतात दोन गुडघे. ते घेऊन ती पंचायत समितीच्या जिन्यानं वरच्या मजल्यावर चढते.

खरं म्हणजे जे हवं आहे ते फार नाही. नारायणगावात दोन-तीन एकर जागा, सातबाऱ्यावर राहुट्यांच्या नावानं, पाण्याचा नळ आणि बायकांसाठी दाराला कडी असलेली न्हाणी यांच्यासह. पॅकेज जाहीर करायचंच असेल तर त्याऐवजी आषाढात, उचल द्यायच्या वेळी, सावकारापेक्षा कमी व्याजाचं कर्ज. यात्रेच्या रात्री सवलतीच्या पंधरा दिवसांतला एखादा दिवस, प्रधानाला शिक्षा होईपर्यंत. यातल्या कशालाही घटनापीठ लागत नाही. काहींना जिल्हाधिकाऱ्यांची सही पुरते, काहींना तर ग्रामपंचायतीचीसुद्धा. पण हे सगळं सरकारवर ढकलून आपण मोकळं होणं बरं नाही. काही गोष्टी आपल्याच पारावर ठरतात.

तेव्हा गावोगावच्या कारभाऱ्यांना हात जोडून विनंती. यंदा पाडव्याला नारायणगावला जाल तेव्हा वग कोणता हे विचारणाऱ्या म्हाताऱ्याला सोबत न्या आणि पुढच्या सीटवर बसवा. सुपारी ठरली की विसार निम्म्यापेक्षा कमी देऊ नका, टोमॅटोला भाव असो वा नसो. यात्रेच्या दिवशी बैलगाडे थोडे लवकर सोडा आणि पाव्हण्यांना आठच्या आत जेवू घाला. दुसऱ्या दिवशी सकाळची हजेरी, म्हणजे दिवसाउजेडी होणारा तमाशा, बंद पडू देऊ नका. दिवसा कोणताच फौजदार ढोलकी थांबवत नाही, राहिलेला वग तेव्हा पुरा करून घ्या. आणि सत्कार घाटावरच उरकून टाका. बैल तक्रार करणार नाहीत.